माझा नवरा कशानं मेला

“दारू पीत होता का?”

अकोल्याच्या फौजी पेन्शनच्या ऑफिसातल्या साहेबांनी मान वर न करता विचारलं. शेजारी माझी सासू उभी. तिचा लेक, माझा नवरा, जाऊन वर्षही झालं नव्हतं.

“नाही जी,” मी म्हणाले. “बर्फातल्या चौकीवर होते, तिथं फुप्फुसात पाणी झालं. तवापासून श्वास पुरला नाही त्यायले.”

“सगळ्या बायका हेच सांगतात. रिटायर होऊन घरी मेला ना? मग फौजेचा काय संबंध?” साहेब कारकुनाकडे बघून हसले. “फुलं विकणाऱ्यांनाही आता जादा पेन्शन पाहिजे.”

रांगेतले लोक ऐकत होते.   मी सासूचा हात धरून बाहेर आले.

भरतीच्या वेळी हे सगळ्यांच्या पुढं पळाले होते. फौजेतून परत आले ते बसून झोपणारे. आडवं झालं की गुदमरायचे. अकोटजवळ आमचं शेवंतीचं वावर. थोडी फुलं तोडली की बांधावर बसायचे. म्हणायचे, “तू हो पुढं, मी येतोच.” एका सकाळी मी ओळ संपवून मागं वळले, तर यांची मान खाली पडलेली, श्वास थांबलेला.

त्या दिवशी परतीच्या एसटीत सासू माझ्या शेजारी बसली होती. वाटेतलं चोहोट्टा गाव आल्यावर हळूच म्हणाली, “खरं सांग व माय. पेत होता काय तो? मले लपवून?”

तिच्या पोटचा लेक. साहेबाच्या एका वाक्यानं तिला त्याचीच शंका आली. मला रडू फुटलं. भर एसटीत.

“नाही आई. कधीच नाही.”

तिनं मान हलवली. पटलं की नाही, मला आजही माहीत नाही.

जादा पेन्शनचा दावा नामंजूर झाला. आजाराचा नोकरीशी संबंध नाही म्हणे. साहेबांनी बोलावून कागद पुढं सरकवला. “निर्णय मान्य आहे, अशी सही करा. साधी पेन्शन मिळतेच आहे.”

“मी सही करत नाही.”

“का?”

“तुमी त्यायले दारूडा ठरवलं. त्यायच्या मायसमोर. मी अपील करून राहिली.”

“वर्षं जातील, बाई.”

“जाऊ द्या.”

मी कागद त्यांच्याकडे परत सरकवला. 

चौकीवरून यांना पाठीवर घेऊन उतरलेला फौजेतला जोडीदार धारणीकडचा. साक्ष मागायला मी जीपनं त्याच्या गावी गेले. यांचं नाव काढताच तो माणूस ओसरीवर बसून रडला. म्हणाला, “वहिनी, कुठंबी बोलवा. मी सांगतो.”

सासू थकली आहे. निकालापर्यंत ती राहील, असं वाटत नाही. मला कोणाची दया नको. यांना फौजेतल्या आजारानं नेलं, हे सरकारला लिहावं लागेल. मी ते लिहवून घेणार.