दुसऱ्या खुर्चीचे मानकरी

आदरणीय दत्ताभाऊंची आणि माझी ओळख झाली ती तिकोणा पेठेजवळच्या एका भाड्याच्या बंगल्यात, आणि दुसऱ्याच दिवशी लोणावळ्याच्या भर बाजारात आमचं भांडण झालं. बंगल्यात आम्हा समलिंगी पुरुषांची बैठक होती. मी नवखा, टाकव्याहून आलेला, अंग चोरून कोपऱ्यात बसलो होतो. भाऊंनी स्वतः पोह्यांची बशी आणून दिली, घरादाराची चौकशी केली. निघताना एका जुन्या सभासदाने मला गटाचा नियम बजावला, की इथली ओळख इथेच ठेवायची, बाहेर कुणी दिसलं तर मान वळवायची. दुसऱ्या दिवशी मंडईत भाऊ समोर आले आणि मी इमानदारीत मान वळवली. झालं!

"ओ टाकव्याचं पाव्हणं! काल पोहं ग्वाड लागलं, आन् आज वळख न्हाई व्हय?"

अख्खी मंडई बघायला लागली. हातातली मेथीची जुडी त्यांच्या डोक्यात घालावी इतका राग आला मला. भाऊंनी दंडाला धरून चहाला नेलं. म्हणाले, "आरं, रामराम घातल्यानं कुणाला काय कळतंय? त्वांड फिरवलंस तर मातुर लोकं इचारत्यात, ह्येनं काय चोरलंय म्हनून." पुढे आम्ही रोज बाजारात एकमेकांना हाक मारू लागलो आणि कुणाचंही काही बिघडलं नाही.

भाऊंची सारी नोकरी रेल्वेत, घाटातल्या रुळांच्या देखभालीत गेली. निवृत्तीनंतर लोणावळ्यातलं त्यांचं घर आमच्या बैठकीची जागा झालं. पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांना 'ज्येष्ठ समाजसेवक' म्हणावं, असं मला सुचवण्यात आलं आहे. म्हणा खुशाल. पण खरं सांगायचं तर भाऊंनी आमची सेवा केली त्याहून जास्त आमच्याशी भांडणं केली, आणि मला गौरव करायचाय तो त्या भांडणांचा.

बाहेरचे लोक आम्हाला काय काय म्हणतात यावर आम्ही तासन्‌तास बोलू शकतो. आमच्या आतल्या सोवळ्याओवळ्याबद्दल मात्र चकार शब्द काढायचा नाही. बायकी चालीचा माणूस चारचौघांत बरोबर नको. उतारवयातल्या कुणी प्रेमाची गोष्ट काढली की बाकीच्यांनी खाकरायचं. आणि लग्न झालेल्यांच्या बायकांचा विषय, छे, तो तर अजिबात नको. हे नियम कुणी लिहिले नाहीत, पण मोडणाऱ्याला वाळीत टाकण्यात आम्ही कुठल्याही गावकीला हार जाणार नाही.

परंदवडीच्या आमच्या एका मित्राचं लग्न ठरलं तेव्हा त्याने भर बैठकीत पेढे वाटले. सगळ्यांनी निमूट खाल्ले, भाऊंनी मात्र पेढा परत ठेवला. "पोरीला सांगितलंस का?" त्यांनी विचारलं. बैठकीत असा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता. मित्र उसळला, "भाऊ, हा माझ्या घरचा प्रश्न आहे." भाऊ शांतपणे म्हणाले, "तिच्या बी घरचा हाय. तिनं काय घोडं मारलंय तुझं?" बरेच महिने गटातलं कुणी भाऊंच्या घराची पायरी चढलं नाही. आणि मग एक दिवस तोच मित्र आला. त्याने मुलीला खरं सांगून टाकलं होतं, लग्न मोडलं होतं, बापाने घराबाहेर काढलं होतं. भाऊंनी त्याचं अंथरूण घातलं. तो सहा महिने तिथेच राहिला, आणि त्याला रोज गरम भाकरी वाढली ती किसनरावांनी.

किसनराव कोण, ते आता सांगतो, कारण ते सांगू नये असा गटातल्या काहींचा मला निरोप आहे.

किसनराव आंदर मावळातल्या डोंगरवाडीचे. लोणावळ्यातल्या बंगल्यांच्या बागा सांभाळण्यात त्यांची हयात गेली. बोलताना त्यांचे हात नाचतात, कानामागे अबोली असते, नखांना रंग असतो. भाऊ आणि ते नोकरीच्या काळापासून एका छपराखाली राहतात, एकमेकांची औषधं विसरल्याबद्दल एकमेकांवर ओरडतात. हा संसार नाही तर काय आहे? पण आमच्या गटात त्यांची ओळख 'भाऊंकडचा माळी' अशी करून दिली जायची. एकदा कुणीतरी त्यांना "किसन, चहा टाक" असं फर्मावलं, तेव्हा भाऊ स्वतः उठले, सगळ्यांना चहा करून आणला, आणि पहिला कप किसनरावांच्या हातात दिला.

भाऊंच्या पंचाहत्तरीचा सत्कार ठरवायला गट जमला तेव्हा मूळ दुखणं बाहेर आलं. आपल्याकडे अशा सत्काराला जोडीने बसवतात, जोडीने ओवाळतात. मी म्हटलं, व्यासपीठावर मधोमध दोन खुर्च्या ठेवू. पुण्याचे आमचे एक उच्चशिक्षित सभासद म्हणाले, "भाऊंना एकट्यांनाच बसवू या. बाहेरचे पाहुणे येणार. किसनचे ते हातवारे, ती नखं... लोक हसतील. आपण चारचौघांसारखे आहोत हे पटवता पटवता आपली निम्मी हयात गेली. सगळं पाण्यात जाईल."

किसनराव स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. म्हणाले, "मी मागं बसन की. मला सवय हाय."

भाऊंचा इतका चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. "मंग मी बी मागंच बसतो! शाल त्या खुर्चीला घाला आन् वाजवा टाळ्या!"

शेवटी दोन खुर्च्या ठरल्या, पण त्या दिवसापासून गटात दोन तट आहेत. काहींनी सत्काराला येणार नाही असं कळवलंय. नका येऊ! आपल्याला हसणाऱ्या ज्या जगाला आम्ही घाबरायचं, तेच जग होऊन आपल्याच माणसावर हसायचं, याला मी तरी भ्याडपणा म्हणतो. गंमत अशी की ज्या गावकऱ्यांची आम्हाला भीती, त्यांच्यातल्याच मालनमावशी, भाऊंच्या धाकट्या भगिनी, हे सगळं ऐकून एवढंच म्हणाल्या, "दोगांना एका ताटात ओवाळीन. न्हाईतर मला कशाला बोलावता? आन् किसनला साखर हाय, त्येला पेढा अर्धाच द्या."

संपादकांना मी कळवलंय की किसनरावांचं नाव कापायचं असेल तर माझा लेखच छापू नये. तुम्ही तो वाचताय, म्हणजे एवढी लढाई आपण जिंकलो.

भाऊ, तुम्हाला भरपूर आणि धडधाकट आयुष्य लाभो, आवाज असाच खणखणीत राहो, आणि मान वळवणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही बाजारात असंच गाठत राहा. पण हे मागणं एकट्या तुमच्यासाठी करून भागणार नाही. किसनराव, तुम्हालाही तेवढंच आयुष्य हवं, एका दिवसानेही कमी नको. सत्काराच्या दिवशी व्यासपीठाच्या पायऱ्या आधी तुम्ही चढायच्या. भाऊ तुमच्या मागून येतील. मी त्यांना विचारलंय. ते म्हणाले, "त्यात काय इचारायचं? त्येच्याच मागनं तर आलोय हितवर."