डाव्या हाताचा चाकू

अर्धांगवायूनंतर बाबांचा उजवा हात लुळा पडला, पण पेरू स्वतःच कापायचा हट्ट सुटला नाही. डाव्या हाताने उघडेल असा लाकडी मुठीचा, घडीचा चाकू घ्यायला बाबांना घेऊन कोपरीच्या बाजारातल्या दुकानात गेलो. घरातून निघतानाच आमचं वाजलेलं, त्यामुळे बोलणं बंद. चार चाकू त्यांच्या नखाला दाद देईनात. पाचवा अंगठ्याने झटकन उघडला. मिटायला दुसरा हात लागतो, हा विचार मी गाढवाने केलाच नव्हता. उघडं पातं ते त्याच हाताच्या बोटांनी मिटायला लागले. मी हात पुढे करून ओरडलो, "बाबा, द्या इकडे!"

त्यांनी चाकू हळूच काउंटरवर ठेवला.

"हातात देऊ नये रे," ते म्हणाले, "भांडण होतं."