बाबा शिफ्टवर असताना आलेली फुलं

मंडळी, आज दुपारी आमच्या भिलाईतल्या रिसालीच्या घरी पांढऱ्या फुलांचा मोठा गुच्छ आला. आणणाऱ्यानं बाबांचं नाव विचारलं. बाबा स्टील प्लांटमध्ये शिफ्टवर होते.

आई दारातच खाली बसली. आमच्या गल्लीत अनोळखी माणूस पांढरी फुलं घेऊन एकाच कारणानं येतो: प्लांटमध्ये अपघात झाला की.

"फोन लाव त्यायले," ती म्हणाली. बाबांचा फोन लॉकरमध्ये वाजत राहिला. शेजारणी धावत आल्या.

मग पुण्याहून भावाचा फोन आला. "आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाचे फुलं पोचले का?"

तरी बाबा घरी येईपर्यंत आईनं फुलांना हात लावला नाही. शेजारणीही हलल्या नाहीत.

संध्याकाळी बाबा आले. दारात शेजारणींच्या चपलांचा ढीग पाहून तिथंच थबकले.

"कोन गेलं?"

भिलाईत फुलं पाठवणार असाल, तर आधी माणूस ड्यूटीवरून घरी येऊ द्या.