पुठ्ठ्याची शाळा

शिलाईवालीची थोरली आर्किटेक्टच्या कॉलेजात लागली, तेव्हा त्या एका खोलीच्या घरात कौतुक मावेना. बाप बसचा ड्रायव्हर. भेटेल त्याला सांगायचा, "आमची पोर इमारती काढते!"

पहिली दोन वर्षं कशीबशी निभली. तिसऱ्या वर्षी प्रत्येकाला एका शाळेचं पुठ्ठ्याचं मॉडेल करायचं होतं. घरात मोठं टेबल एकच, आईचं कापड बेतायचं. आईचं काम आवरलं की पोरीचा पुठ्ठा टेबलावर चढायचा, गिऱ्हाईक आलं की पलंगाखाली जायचा. तिच्या मैत्रिणीचे वडील स्वतः आर्किटेक्ट. त्यांच्या ऑफिसातला माणूस भिंती कापून द्यायचा. मैत्रीण मनाने चांगली. "माझ्याकडेच येऊन कर ना," म्हणायची. पण दुपारी धाकट्या भावंडांकडे बघणार कोण?

परीक्षेच्या दिवशी ती मॉडेल मांडीवर धरून बसमध्ये बसली. गर्दीत कुणाची तरी पिशवी त्यावर आदळली. व्हरांडा आडवा झाला, जिना चेपला. कॉलेजच्या पायरीवर बसून तिने गोंद लावला, पण चेपलेला जिना काही सरळ होईना.

परीक्षक सज्जन होते. बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"वर्गात उजेड छान आणलायस. पण हे असं कसं झालं?"

"सर, बसमध्ये..."

"समजतं गं मला. पण समोर आहे त्यालाच मार्क द्यावे लागतात."

वर्ष वाया गेलं. पुढच्या वर्षी आईची नजर अधू झाली, निम्मी शिलाई हिच्या गळ्यात पडली. हजेरी भरली नाही म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. मैत्रीण पास होऊन वडिलांच्याच ऑफिसात लागली. सुरुवातीला फोन करायची. मग बोलायला विषय उरेना.

आता ती फर्निचरच्या दुकानात कपाटांची ड्रॉइंग काढते. कॉलेजची मुदत संपत आलीय. त्याआत पदवी झाली नाही, तर झालेली वर्षंही पाण्यात. कॉलेजात जायचं तर नोकरी सुटते, आणि नोकरी सुटली तर घर बसतं.

परवा जेवताना बापाने विचारलं, "किती राहिलंय गं अजून?"

"थोडंच, बाबा."

"मग काय, होईल की!" म्हणत तो खुशीत हात धुवायला उठला. ती ताटातलं चिवडत बसली.