नथ, मिशी आणि कपाटाचं कुलूप

बेंगळुरात मारतहळ्ळीला असलेल्या आमच्या गेम स्टुडिओत किस्से शोधावे लागत नाहीत. डब्यातल्या चटणीसारखे ते कुणाकडे ना कुणाकडे असतातच. पण गेममधल्या कपड्यांच्या कपाटाचं कुलूप काढलं, त्या आठवड्यात ते इतके साठले की जेवणाची सुट्टी पुरेना.

कुलूप म्हणजे असं: आमच्या ऑनलाइन गेममध्ये पुरुषांचे कपडे पुरुष पात्रांना आणि बायकांचे बायकांना, एवढंच चालायचं. हे कुणी ठरवलं, ते आता कुणालाच आठवत नव्हतं.

*

सुरुवात सुषमाअक्काच्या घरून झाली. अक्का बेळगावची, आमची कपड्यांची आर्टिस्ट. तिनं खपून एक फेटा केला. तिच्या आठवीतल्या लेकीनं, ईरानं, तो गेममधल्या आपल्या भालेवालीला घालायला घेतला, तर स्क्रीनवर लाल फुली.

"आई, तू केलेला फेटा माझ्याच बाईला का नाही?"

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न घेऊन अक्का अण्णांच्या केबिनमध्ये गेली. अण्णा म्हणजे आमचे साहेब. घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरात, मराठीत कन्नड मुरलेलं.

"खेळणारे हसतील अक्का, आणि निघून जातील."

अक्का उठेना. शेवटी अण्णा म्हणाले, "सरी, चालेल. शुक्रवारपर्यंत उघडं ठेवू. तक्रारी आल्या तर कुलूप परत."

ईरानं त्याच संध्याकाळी भालेवालीला फेटा घातला. शुक्रवारचं अक्कानं तिला सांगितलंच नाही.

*

मी टेस्टर. प्रत्येक कपडा प्रत्येक अंगावर चढवायचा आणि त्या पात्राला पळवायचं, बसवायचं, उड्या मारायला लावायचं. पैलवानाला नऊवारी नेसवली, तर खांदे ब्लाउजातून बाहेर.

"अक्का, ब्लाउज जरा सैल करता येईल?"

"आधी त्याला श्वास सोडायला सांगा."

*

पळताना निऱ्या कशा हलतात ते कळेना. मग अक्कानं आमच्या महेश प्रोग्रामरला जीन्सवरूनच खरी नऊवारी नेसवली आणि जिन्यावर पळवलं. नेमकं तेव्हाच त्याचं जेवण आलं. महेश तसाच खाली गेला. आता काय होतं ते बघायला आम्ही सगळे खिडकीत.

पार्सलवाल्यानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ओटीपी, सर?"

महेश वर येऊन म्हणाला, "अण्णांना सांगा, एक माणूस तरी हसला नाही."

*

तक्रारी आल्या. नवी तक्रार दिसली की अक्का माझ्या खुर्चीमागे उभी. बहुतेकांचं म्हणणं एकच: बाईला फेटा घातला की वेणी त्यातून आरपार येते.

"म्हणजे घालतायत," अक्का हळूच म्हणाली.

काहींनी 'हा काय तमाशा' असंही लिहिलं. आणि 'हेब्बाळचा वाघ' या नावाचा एक खेळाडू रोज न चुकता लिहायचा: नऊवारीसोबतची नथ मिशीत घुसते, नीट करा.

"शुक्रवारी हाच वाघ आपल्याला बुडवणार," अक्का म्हणाली.

*

शुक्रवारी मीटिंग झाली. वेणीच्या तक्रारी म्हणजे लोक फेटा घालतायत, हे महेशनं समजावून पाहिलं.

"तक्रार ती तक्रार," अण्णा म्हणाले. "कसं दिसतं ते तुम्हीच बघा आणि सांगा, कुलूप नको का."

अक्का हातातल्या पेनाचं टोपण काढत होती, लावत होती.

अण्णांनी लॅपटॉप मोठ्या स्क्रीनला जोडला. आमचं टेस्टिंगचं अकाउंट उघडायचं, ते घाईत स्वतःचंच उघडलं.

स्क्रीनवर पैलवान उभा राहिला. झुबकेदार मिशा, हिरवी नऊवारी, नाकात नथ, डोक्यावर अक्काचा फेटा. आणि फेट्याच्या वर नाव: हेब्बाळचा वाघ.

कुणी हसलं नाही. महेश टेबलाखाली काहीतरी शोधायला लागला.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग अक्काकडे वळले.

"नथ अजून घुसते, अक्का. कुलपाचं नंतर बघू. आधी हे करा."