निळ्या हाताला करंट

घरात एकाला करंट लागला की गोष्टी गावभर साठतात. ज्याला लागला तो सोडून सगळ्यांना सगळं आठवतं! आमच्या ह्यांना कापड रंगवायच्या शेडमध्ये शॉक बसला, त्याला किती वर्षं झाली. पण मैसूरच्या आमच्या गल्लीत लग्न असो की बारसं, जेवणं झाली की पोरं मला घेरतात, "आजी, ते करंटचं सांगा!"

* * *

मोटार बिघडली तरी इलेक्ट्रिशियन बोलवायचा नाही, हा ह्यांचा बाणा. "करंट मला ओळखतो," म्हणायचे. त्या दिवशी अनवाणी, ओल्या हातानं मोटार उघडायला गेले. करंटनं ओळखलं! हात सुटेना. मी कपडे वाळत घालायचा सुका बांबू उचलला आणि हातावर एक ठेवून दिला. मग दुसरा. तिसऱ्याला हे लांब जाऊन पडले.

शेजारच्या जयम्मानं भिंतीवरून नेमका बांबू पाहिला. संध्याकाळी गल्लीभर झालं, "रंगाऱ्याच्या बायकोनं नवऱ्याला झोडपलं!"

दुसऱ्या दिवशी दोघीजणी हळूच विचारून गेल्या, "बांबू कुठून आणला हो?"

* * *

दवाखान्यात पोरगेला डॉक्टर होता. ह्यांचा मनगटापर्यंत निळा हात बघून तोच पांढरा पडला. "कै होयितु, अम्मा!" म्हणाला. हात गेला म्हणे, कापावा लागेल!

मी म्हटलं, "मग दुसराही कापा, तोही निळाच आहे. लग्नाच्या मांडवातही निळेच होते!"

मग मोठे डॉक्टर आले. रंग पुसून काढला, तेव्हा खाली भाजल्याची खूण सापडली. छातीचा ईसीजी काढला, तो बरा निघाला. पण बोटांना सुई टोचली तरी ह्यांना पत्ता नाही.

"नसा दुखावल्यात," डॉक्टर म्हणाले. "जाणीव येईल हळूहळू. नाहीतर नाहीही येणार."

एवढं शिकून उत्तर ज्योतिषाचं!

* * *

आमच्या धंद्यात थर्मामीटर नव्हता. कढईतल्या पाण्यात बोट बुडवायचं आणि "आता टाक रंग" म्हणायचं. ते बोटच मुकं झालं तर रंगारी कसला? म्हणून जो येईल त्याचा उपाय ऐकत गेलो.

माझे धाकटे दीर कृष्णराजनगरहून आले. "वहिनी, अंगातला करंट मातीत उतरवायचा!" परसात खड्डा खणून ह्यांना गळ्यापर्यंत पुरलं. तेवढ्यात भिंतीवर जयम्मा!

हे खालून ओरडले, "अरे, आपल्यात जाळतात रे, पुरत नाहीत!"

* * *

हूटगळ्ळीच्या कारखान्यातले आमचे भाचेजावई येऊन तासभर अर्थिंगवर बोलले. चुका कुणाच्या, कशा, सगळं सांगितलं. भाची माझ्या कानाशी आली, "मावशी, आमचा मिक्सर वर्षभर झिणझिण्या देतोय. मी चप्पल घालून चटणी वाटते!"

* * *

करंट ज्यांना ओळखत होता ते आता बटणाला हात लावेनात. दिवा लावायला मला हाक. रेडिओ छत्रीच्या लाकडी मुठीनं बंद करायचे. झोपेत दचकायचे, विसरायचेही. पण विसरणं फार हुशार! माझ्या माहेरची माणसं साफ विसरले, आणि माझ्या बहिणीच्या लग्नात सारात मीठ नव्हतं, ते लख्ख आठवत होतं!

* * *

एकदा हट्टानं कढईशी गेले आणि बोट बुडवलं. "थंडच आहे अजून," म्हणाले. पाण्याला वाफा येत होत्या. मी हात ओढून काढला. बोटाला फोड आला, तोंडावर मात्र दुखल्याची खूणही नाही.

तेव्हापासून शेडकडे पाठ करून बसायचे. मी कॉफीसुद्धा निववून द्यायला लागले, निदान हात तरी पोळायला नको.

एका सकाळी जयम्मा भिंतीवरून मला तिच्या सुनेचं गाऱ्हाणं सांगत होती. त्या नादात कॉफी निववायची राहिली. उकळता लोटा ह्यांच्या त्याच मुक्या, उजव्या हातात दिला.

"अय्यो! मारतेस की काय गं!" लोटा अंगणात, कॉफी पांढऱ्या पंच्यावर.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते स्वतःच्या बोटांकडे बघत होते.

मग हळूच म्हणाले, "अगं, आणखी एक आण. तशीच."

मी आत गेले आणि पहिल्यापेक्षा गरम करून आणली. त्यांनी गच्च धरली आणि पुन्हा बोंब ठोकली.

भिंतीवरून जयम्मा कळवळली, "अय्यो पाप! अगं, किती छळशील त्या बिचाऱ्याला?"

ह्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. तसेच वळले आणि ओरडले,

"जयम्मा, तुम्ही मध्ये पडू नका! छळू दे तिला!"