कोंडा कुणाचा

कुणीही काहीही नवीन सांगितलं की तानूआक्का एकच प्रश्न विचारायच्या, "आन् कोंडा कुनाचा?" गावात वीज येणार म्हटलं तरी हेच, आणि तालुक्याचे साहेब कुटुंबनियोजनावर बोलले तेव्हाही हेच. साहेब बराच वेळ विचारात पडले होते.

प्रश्नाला कारण होतं. आक्का पासलीत लोकांचं भात कांडायच्या. त्या आणि आणखी तिघी. उखळात भात, दोघी समोरासमोर, एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली. तांदूळ मालकाच्या घरी जायचा. कणी आणि कोंडा मात्र कांडणारणींचा, हीच त्यांची मजुरी. कणी माणसांच्या पोटात जायची, कोंडा म्हशींच्या. त्यामुळे जगातली कुठलीही योजना आक्कांना कोंड्याच्या बाजूनंच दिसायची.

एकोणीसशे सत्तरच्या आसपास मी पासलीच्या शाळेत शिक्षिका म्हणून गेले आणि आक्कांच्या पडवीतल्या खोलीत राहू लागले. मी बाहेरून बी.ए. करत होते. मोठ्यानं वाचल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नसे, त्यामुळे माझ्याबरोबर आक्कांचाही अभ्यास होत गेला. यंत्रं आली, कारखाने आले, आणि आता त्यांचं करायचं काय, याला भांडवलशाही, समाजवाद आणि साम्यवाद अशी तीन उत्तरं कशी निघाली, हा धडा मी घोकत होते.

नेमकी तेव्हाच वेल्ह्याच्या एका शेटनं गावात डिझेलची भातगिरणी टाकली. चौघींचं दिवसभराचं काम ती चहा उकळेपर्यंत उरकायची. कोंडा शेट ठेवून घ्यायचा. महिन्याभरात आमच्या उखळात कोंबड्या बसायला लागल्या.

एका संध्याकाळी मी वाचत होते, की विलायतेत काम गेलेल्या कामगारांनी यंत्रं फोडली. पडवीतून आवाज आला, "फोडली? कशानं?"

"हातोड्यांनी."

"मंग फुडं?"

"काहींना फाशी दिलं."

आक्कांनी कंदील बारीक केला. सकाळी उठून बघते तर आक्का नाहीत आणि कोपऱ्यातलं मुसळही नाही. मी तशीच गिरणीकडे पळाले. निम्मं गाव जमलं होतं. शेट दारात दोन्ही हात पसरून उभा होता. आक्का मुसळ जमिनीला टेकून त्याच्या बगलेखालून यंत्र बघत होत्या. बराच वेळ बघून झाल्यावर म्हणाल्या, "लई ग्वाड चालतंय. किती ग्वाड, ते माज्या खांद्याला इचारा."

"मग मुसळ कशाला आणलंत?" मी विचारलं.

"गुडगा दुकतोय. काठी घावली न्हाई."

मग त्या शेटला म्हणाल्या, "यंतर तुमचं, भात लोकांचं. आमी चौगी हितं पाकडाय बसतो. कोंडा आमाला द्या."

"यंत्र मी आणलं, बुडालं तर मी बुडणार. कोंडा माझा," शेट म्हणाला. एवढंच सांगायला माझ्या पुस्तकाला दोन पानं लागली होती.

पण शेटला भातातलं काही कळत नव्हतं. भात पुरतं वाळलंय की नाही, हे दाणा दाताखाली धरून ओळखायचं असतं, आणि ते दात या चौघींकडे होते. शेटनं ओलसर भात गिरणीत घातलं आणि अर्ध्या गावाचा आंबेमोहोर कणी होऊन बाहेर आला. लोक भांडायला गेले. शेटनं आक्कांना बोलवायचं सोडून गिरणीच विकायला काढली.

तिचं काय करायचं यासाठी शाळेत सभा भरली. भोरहून सहकार खात्याचे साहेब आले होते. ते म्हणाले, सोसायटी काढा, सभासद व्हा, संचालक निवडा. आमच्याच शाळेतले जाधव गुरुजी पक्के साम्यवादी. ते उठून म्हणाले, "मालकच नको. गिरणी सगळ्यांची. ज्याला जे जमेल ते त्यानं करावं, ज्याला जेवढं लागेल तेवढं त्यानं न्यावं."

"आन् कोंडा?"

"सगळ्यांचा."

आक्कांना हे मनापासून आवडलं. त्यांनी विचारलं, "आन् रोज इंजनात त्याल कोन घालनार?"

"सगळे."

"गुरुजी, हिरीतला गाळबी सगळेच काडनार हायेत. चार वर्सं झाली."

सभा हसली. गुरुजी हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते घमेलं घेऊन एकटेच विहिरीत उतरले. "मानूस सोन्याचा हाय. त्येच्यासारकं धा असते तर म्या त्येच्याच बाजूनं हात वर केला असता," आक्का म्हणाल्या, आणि गुरुजींना वर काढायला दोर घेऊन गेल्या.

शेवटी सोसायटी झाली आणि तिनं गिरणी विकत घेतली. एक तरी बाई हवी म्हणून आक्का संचालक झाल्या. पहिल्याच ठरावात कोंडा चौघींना मिळाला. नंतर इंजिनाचा पट्टा तुटला.

पट्टा कापूरहोळला मिळत होता. पण ठराव हवा. एका सभेत पट्टा चामड्याचा की रबराचा यावर वाद झाला, दुसरीत आणायला कोण जाणार यावर, तिसरीत चेअरमनच पाहुण्यांकडे गेलेले. आक्का मला म्हणाल्या, "शेटच्या राज्यात गिरनी चालायची, पर कोंडा त्येचा. आता कोंडा आमचा, पर गिरनी चालंना. तुमच्या पुस्तकात ह्येच्या फुडं काय लिवलंय?" माझ्या पुस्तकात तिथं धडा संपत होता.

चौथी सभा आमच्या पडवीत भरली. चेअरमन बोलायला उठले आणि आत उखळावर चौघींची मुसळं सुरू झाली. धप, धप, धप. चेअरमन ओरडले, "आक्का, सभा चाललीय."

"चालू द्या की. आमचं बी चाललंय. लोकांना तांदूळ नगं का?"

कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना. अर्ध्या तासात सगळ्यांनी मुकाट्यानं सह्या केल्या, आणि सकाळच्या एसटीनं माणूस कापूरहोळला गेला. चर्चेविना मंजूर झालेला सोसायटीचा तो एकमेव ठराव.

परीक्षेत प्रश्न आला: भांडवलशाही, समाजवाद व साम्यवाद यांची तुलना करा. मी अख्खी गिरणी लिहिली. पट्ट्यासकट. त्या पेपरात नापास झाले. पुढच्या खेपेला पुस्तकातलं लिहून सुटले.

पहिला निकाल आला तेव्हा आक्कांनी त्या तिघींना बोलावलं आणि मला म्हणाल्या, "काय लिवलं व्हतं ते सांगा. आमी तपासतो." गिरणीच्या ओट्यावर बसून मी सारं उत्तर म्हणून दाखवलं. शेट, सोसायटी, गुरुजींचं म्हणणं, कुठं यंत्र चालतं आणि कुठं अडतं. चौघी माना हलवत ऐकत होत्या. मला वाटलं, इथं तरी पास.

आक्का म्हणाल्या, "शेट लिवला, सायेब लिवला, गुरुजी लिवले. आमाला काय लिवलं?"

"कांडणाऱ्या बायका."

"नावं?"

"परीक्षेत नावं लिहीत नाहीत, आक्का."

"का?"

सुपातला कोंडा पोत्यात ओतत त्या म्हणाल्या, "मंग तपासनाऱ्याचं चुकलं न्हाई, बाई. उत्तर अर्दंच हाय."

पुढे माझी भोरला बदली झाली. आक्का जाऊनही आता बरीच वर्षं झाली. राहिलेलं उत्तर असं: साळूबाई, धोंडाबाई, पारूबाई आणि तानूबाई.